रामकिशनच्या राजाची कोरी शिंगं

किनवटकडच्या त्या गावात कुणालाही विचारा, बैलाची शिंगं रंगवावीत तर रामकिशननंच! पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याच्या दारात बैलांची रांग लागायची आणि हा पठ्ठ्या ब्रश घेऊन नवरदेवाच्या तोऱ्यात बसायचा.

ह्या हातामुळंच त्याला जंगलात काम मिळालं. सागाखाली घाणेरीनं नुसता उच्छाद मांडला होता. गवत उगवेना, गुरं शिरेनात. तोडली तर मेली दुप्पट जोमानं फुटायची. म्हणून खोड बुडातून कापायचं आणि ताज्या कापावर लगेच ब्रशनं तणनाशक लावायचं. कुठं लावलं ते दिसावं म्हणून त्यात लाल रंग मिसळलेला. वनरक्षक उज्ज्वला मॅडमनी बजावलं होतं, "उरलेलं औषध मला परत. घरी न्यायचं न्हाई."

"हाव मॅडम," म्हणाला खरा. पण पोळ्याच्या तोंडावर कॅनच्या बुडाशी उरलेलं औषध त्यानं शिंगाच्या रंगाच्याच रिकाम्या डब्यात ओतून घरी आणलं. आपल्या बांधावरचीबी घाणेरी मारू, एवढाच हिशेब. आता ह्या अकलेला काय म्हणावं!

पोळ्याच्या सकाळी तो घुंगरमाळ आणायला बाजारात गेला. परत आला तर गोठ्यात बायको गौरम्मा हसत उभी. तिचं माहेर तेलंगणातलं.

"अय्यो, साऱ्या गावाचे बैल रंगवता अन् आपला राजा तसाच? म्हणून मीच रंगवलं!"

राजाची शिंगं लालभडक. शेजारी तोच डबा. आणि राजा शिंगं गव्हाणीतल्या कडब्यावर घासून राहिलेला!

रामकिशनच्या पायाखालची जमीनच सरकली. घरात बैल एवढा एकच. शेजाऱ्याच्या बैलाशी सावड करून त्याच्यावरच शेत पिकायचं. "आधी तुझे हात धू!" तो बायकोवर ओरडला, मग कडबा उपसून फेकला, राजाला मुसकं बांधलं आणि साबण लावून शिंगं घासत सुटला. फोनवर मॅडमनी त्याची चांगलीच हजेरी घेतली आणि जनावरांच्या डॉक्टरला पाठवलं. डॉक्टरनं राजाला तपासलं. "धुतलंस ते बरं केलंस," तो म्हणाला. "आता खातो का बघ."

दुपारी मुसकं सोडलं. गौरम्मानं पुरणपोळी पुढं धरली. राजानं तोंड फिरवलं. तिला रडूच फुटलं. "खा रे लेकरा, चुकलं माझं."

"तुझं न्हाई, माझं चुकलं," रामकिशन पुटपुटला.

बऱ्याच वेळानं राजानं मान वळवली, पोळी हुंगली आणि एका घासात गट्टम केली. वर आणखी मागितली, गुलामानं!

संध्याकाळी मिरवणुकीत राजा कोऱ्या शिंगांनी चालला. पुढं आपला बैल घेऊन चाललेला गावातला भुजंग खिदळला, "काय रं, दुनियेचे बैल नटवले अन् घरचा उघडा?"

"जंगलात मी ज्याला लाल लावतो ना, ते वाळून जातं. ह्याला कोराच ऱ्हाऊ दे."

भुजंगचं हसू विरलं. तो आपल्या बैलाच्या लाल शिंगांकडं बघायला लागला.

"भिऊ नको, तुझा रंग दुकानातला हाय," म्हणत रामकिशननं राजाच्या शिंगावरून हात फिरवला, आणि भर मिरवणुकीत त्याचे डोळे भरून आले.