ताई येणार होती

हे लिहिणारच नव्हते. ताईला कळलं तर बोलायची नाही माझ्याशी. पण डोक्यातून जातच नाहीये, म्हणून लिहितेय, चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

माझी ताई डॉक्टर आहे. तिला हृदयरोगाची फेलोशिप हवी होती. महिनाभर घरात तिच्या इंटरव्ह्यूशिवाय दुसरा विषय नाही. मी बाबांचा चष्मा लावून पॅनल व्हायचे आणि जाड आवाजात विचारायचे, "स्वतंत्रपणे पेशंट हाताळल्याचं एखादं उदाहरण सांगा."

ताईचं उत्तर तोंडपाठ होतं. किल्लीवाले काका. आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून त्यांचा किल्ल्या बनवायचा ठेला. पाय सुजलेले, छातीत पाणी, धड श्वास घेता येत नव्हता. तिचे सर रजेवर. ताईने एकटीने सगळे निर्णय घेतले आणि काका आपल्या पायांनी चालत घरी गेले. निघताना म्हणाले होते, "डॉक्टरीणबाई, घराची किल्ली हरवली तर माझ्याकडेच यायचं हं."

"छान. पण हात किती नाचवतेस!" आई स्वयंपाकघरातून ओरडायची.

इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी मी उगाच खोडी काढली. "आता कसे आहेत हो तुमचे पेशंट?"

"बरे असतील."

"असतील म्हणजे?"

"अगं, असं नाही विचारत पॅनल." मग हातातले कागद खाली ठेवले. "मी त्यांना म्हणाले होते, जाता-येता घरी डोकावून जाईन. राहूनच गेलं गं."

"मग चल की आत्ता! उद्या पॅनलला ताजी बातमी देशील."

मीच तिला ओढत नेलं. ठेला बंद. मागेच त्यांची खोली. काकूंनी दार उघडलं आणि ताईला लगेच ओळखलं.

"उशीर केलास, बाळा."

काका गेले होते. पाय परत सुजले होते, रात्री आडवं होता येत नव्हतं. काकू रोज म्हणायच्या, दवाखान्यात चला, तपासणीची तारीखही उलटून गेली. आणि काका? "म्हणायचे, कशाला रांगेत मरायचं, डॉक्टरीण स्वतः येणार आहे. ती खुर्ची रोज पुसून ठेवायचे तुझ्यासाठी."

खुर्ची तिथेच होती. ताई बसली नाही. काकूंनी पाणी दिलं, ते ती उभ्यानेच प्यायली.

रस्त्यात मी म्हटलं, "उद्या दुसरी केस सांग. किती पेशंट बघितलेस तू!"

दुसऱ्या दिवशी पॅनलने तोच प्रश्न विचारला, घरी आल्यावर ताईनेच सांगितलं. आणि या बाईने सगळं सांगितलं. खुर्चीसकट. पॅनलमधल्या एक मॅडम मऊपणे म्हणाल्या, "तपासणीला यायची जबाबदारी पेशंटचीही असते, डॉक्टर." ताई म्हणाली, "ते आले असते, मॅडम. मी येते म्हटलं होतं, म्हणून नाही आले."

यादी लागली. ताईचं नाव नव्हतं.

आई जाम चिडली. "खरं बोलायला तुला तीच जागा सापडली?"

"आई, दुसरं काही तोंडातून निघेचना."

बाबांनी नुसता टीव्हीचा आवाज कमी केला.

यामुळेच नाव गेलं की आणखी कशामुळे, देव जाणे. ताई अजून त्याच वॉर्डात आहे. घरी सोडताना पेशंटला बजावते, "मी येणार नाही. तुम्हीच यायचं. नाही आलात तर फोन करून ओरडेन." पेशंट तिला खडूस म्हणतात. म्हणू देत. पण ती हसायची ना आधी, खिदळायची, माझ्या पॅनलच्या आवाजावर पोट धरून हसायची, ते बंद झालंय. चष्मा लावून बघितला परवा. "काढ तो," म्हणाली.

तुम्हीसुद्धा कुणाला तरी "येते हं" म्हणून ठेवलं असेल. सुट्टी लागल्यावर, परीक्षा झाल्यावर, असलं काही नको. प्लीज, या एक-दोन दिवसांत जाऊन या. ते वाट बघत असतील आणि तुम्हाला माहीतही नसेल.