एनिडबाईंनी वापरलेला रोमन ब्रोच

विल्फ हार्कर आणि मी एकाच गावचे, यॉर्कशरच्या पूर्वेकडचे. विल्फने जन्मभर सरकारी नाले खणले आणि निवृत्त झाल्यावर पुन्हा खणायलाच लागला. आता हातात धातू शोधणारं यंत्र होतं आणि पगार कोणी देत नव्हतं, एवढाच फरक. पहिल्या तीन वर्षांत त्याला बाटल्यांची बुचं, बंदुकीच्या गोळ्या आणि कुणाच्या तरी कवळीची तार मिळाली.

त्याची बायको एनिडबाई. शाळेच्या स्वयंपाकघरात त्यांनी एकवीस वर्षं काढली होती, आणि रोज दोनशे पोरांना जेवू घालणाऱ्या बाईचा आवाज जसा होतो तसा त्यांचा झाला होता. विल्फच्या छंदाबद्दल त्यांचं म्हणणं थोडक्यात असे. "बूट बाहेर काढ."

चौथ्या वर्षी, बीट काढून झालेल्या शेतात, विल्फला काशाचा ब्रोच सापडला. अंगठ्याएवढा लांब, एका टोकाला कर्ण्यासारखं तोंड, कण्यावर निळी मीनाकारी. रोमन काळातला. मुख्य म्हणजे मागची पिन शाबूत होती आणि दाबली की स्प्रिंगसारखी परत येत होती. असल्या एकट्या काशाच्या वस्तूवर सरकार हक्क सांगत नाही. शेतमालक म्हणाला, "तूच ठेव, मला बीट पुरे."

विल्फने तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला आणि मऊ कापूस लावलेली डबी आणायला शेडमध्ये गेला. परत आला तेव्हा एनिडबाईंनी ब्रोच भांड्यांच्या साबणाने धुऊन स्वेटरला लावला होता. स्वेटरचं वरचं बटण फेब्रुवारीपासून नव्हतं.

"एनिड," विल्फ म्हणाला, "तो एकोणीसशे वर्षांचा आहे."

"मग आणखी एक हिवाळा निघेल."

"ती संग्रहालयातली वस्तू आहे!"

"ती स्वेटरची वस्तू आहे. संग्रहालयाला काय थंडी वाजते?"

हिवाळा निघाला. मग आणखी दोन निघाले. एनिडबाई तो ब्रोच लावून चर्चला गेल्या, मासे-चिप्सच्या दुकानात गेल्या, माझ्या बायकोच्या दफनालाही आल्या. विल्फ त्यांच्या एक पाऊल मागून चालायचा आणि जमिनीकडे बघायचा, पडलाच तर दिसावा म्हणून.

शेवटी त्यानेच जिल्ह्याच्या पुरातत्त्व कार्यालयाला कळवलं. तिथून रोझलिंड पेव्हरेल नावाची तरुण बाई नोंद करायला आली, भिंग आणि मोजपट्टी घेऊन. मी तेव्हा चहाला तिथंच होतो.

"मिसेस हार्कर, जरा काढून द्याल का?"

"काढला तर स्वेटर उघडतो, पोरी. असाच मोज."

तिने तसाच मोजला. मग भिंग लावून बराच वेळ बघत राहिली. "ही एक कड घासली गेलीय."

"हिच्यामुळेच!" विल्फ म्हणाला. "तीन वर्षं सांगतोय मी."

"नाही हो. झिजेवर जुना हिरवा थर चढलाय. हा जमिनीत जायच्या आधीच झिजला होता."

एनिडबाईंनी मान खाली घालून पाहिलं. "मोठं पातेलं ढवळताना दंड तिथंच लागतो. माझाही लागतो."

रोझलिंडने लिहायचं थांबवलं. "हे अहवालात लिहिता येणार नाही."

"मग काय लिहिणार?"

"'वापरामुळे झीज.'"

"म्हणजे तेच की."

विल्फने आणखी एक तक्रार पुढे केली. "आणि ही उलटा लावते. पुस्तकात कर्ण्याचं तोंड वर दाखवलंय."

"पुस्तकातली चित्रं तशी छापायची सवय आहे," रोझलिंड म्हणाली. "पण तेव्हाचे लोक बहुतेक तोंड खाली करूनच लावायचे. या बरोबर आहेत."

"वर तोंड केलं की हनुवटीला टोचतं," एनिडबाई म्हणाल्या. "दहा मिनिटांत कळतं. त्याला पुस्तक कशाला?"

पुढच्या नोव्हेंबरमध्ये चर्चच्या मुरंबा विक्रीत एनिडबाई वरच्या फळीवरची बरणी काढायला गेल्या आणि पिन तुटली. आवाज फार झाला नाही. विल्फ चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी एनिडबाई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "गाडी काढ. शहरात जायचंय."

वाटेत रुमालात गुंडाळलेला ब्रोच त्यांनी मांडीवर धरला होता. "तिनं सांभाळला, शेतानं सांभाळला," त्या म्हणाल्या. "मोडला मी."

"तिनं म्हणजे कुणी?"

"त्या वेळच्या पातेलेवालीनं."

मी गिअर बदलला.

संग्रहालयात रोझलिंडने देणगीचा अर्ज भरला. पिनेपुढे तिने लिहिलं, 'तुटलेली, मोड अलीकडची.' एनिडबाईंनी सही केली. डोळे पुसले ते चष्मा पुसायच्या निमित्ताने.

वसंतात ब्रोच काचेच्या कपाटात लागला, कर्ण्याचं तोंड वर करून. एनिडबाईंनी पत्र लिहिलं. 'मांडणीचा प्रघात तसाच आहे,' असं उत्तर आलं. दुसऱ्या पत्राला उत्तर आलं नाही. मग त्या दर गुरुवारी डबा घेऊन जाऊन कपाटासमोरच्या बाकावर बसू लागल्या. येणाऱ्या प्रत्येकाला त्या शाळेतल्या आवाजात सांगत, "तो उलटा लावलाय. टोचेल." सहलीला आलेल्या एका वर्गाला त्यांनी रांगेत उभं करून सांगितलं. पाचव्या गुरुवारी रखवालदाराने वर चिठ्ठी पाठवली, एक तर ब्रोच फिरवा नाहीतर माझी बदली करा.

ब्रोच फिरवला.

एनिडबाईंनी काचेला नाक लावून पाहिलं आणि "हं" म्हणाल्या. खालच्या उपाहारगृहात जाऊन त्यांनी लोणी लावलेला बन खाल्ला. तिथला चहा पाणचट आहे असं म्हणाल्या, आणि पुन्हा कधी त्या संग्रहालयात गेल्या नाहीत. विल्फ मात्र महिन्यातून एकदा जातो. मी त्याला सोडतो आणि गाडीत बसतो. आत जाऊन तो काय करतो ते मी कधी विचारलं नाही, पण जाताना तो बूट पुसून जातो.