मशीनचं सोंग

कारखान्यांच्या या बेंगळूर शहरात माझ्या अक्काच्या नवऱ्याइतका यंत्रावर जीव टाकणारा माणूस दुसरा झाला नाही, आणि आता होईल असंही वाटत नाही. यंत्रं चालवणारे इथे गल्लोगल्ली सापडतील. भावोजींचं तसं नव्हतं. त्यांचं यंत्राशी नातं होतं, आणि ते आम्हा सासुरवाडीच्या माणसांपेक्षा जवळचं होतं. एकोणीसशे पन्नासनंतर लवकरच त्यांच्या कारखान्यात हिशेबाचं एक अजस्र मशीन भाड्याने आलं. जाड कागदाच्या पत्त्यांना भोकं पाडायची, पत्त्यांची चवड मशीनच्या तोंडात द्यायची, की ते भोकं वाचून बेरजा-वजाबाक्या करायचं आणि पगाराच्या चिठ्ठ्या छापून बाहेर टाकायचं. कोणत्या भोकाचं काय करायचं हे मात्र एका फळीवर ठरे. फळीला असंख्य छिद्रं, आणि या छिद्रातून त्या छिद्रात गेलेल्या रंगीबेरंगी वायरी. पगाराची फळी निराळी, गोदामातल्या मालाची निराळी. काम बदललं की मशीन थांबवून फळी बदलायची. या वायरी लावायचं काम भावोजींकडे होतं. पुढे ज्याला लोक प्रोग्रॅमिंग म्हणू लागले ते त्या काळी बोटांनी करत, आणि भावोजींची बोटं त्यात इतकी मुरली होती की लग्नाच्या पंगतीत जिलबी दिसली तरी तिचं एक टोक कुठे सुरू होतं आणि दुसरं कुठे संपतं हे पाहिल्याशिवाय ते ती तोंडात घालत नसत.

जगातल्या कोणत्याही बिघाडाला त्यांच्याकडे एकच निदान होतं. भाजी खारट झाली, शेजारच्या लग्नात रुसवेफुगवे झाले, मंत्रिमंडळ पडलं, तरी भावोजी शांतपणे म्हणत, "वायर स्वल्प चुकली." मल्लेश्वरमच्या त्यांच्या घरात बाद पत्त्यांचा सुकाळ होता. डुगडुगत्या टेबलाखाली पत्ती, डासांना वारा घालायला पत्त्यांचा पंखा, वाण्याची यादी पत्तीच्या पाठीवर. अक्का तर सकाळी अंगणात पत्ती आडवी धरून तिच्या भोकांतून रांगोळी पाडायची. छान ठिपके उठत. भावोजी ऑफिसला निघताना त्या ठिपक्यांपाशी थबकायचे, ते वाचायचे आणि कळवळून म्हणायचे, हा फिटर महिनाभर फार गैरहजर राहिला, घरी कुणी आजारी असेल. मग दुपारी खरोखरच त्या फिटरची चौकशी करून यायचे. बिचाऱ्या फिटरला शेवटपर्यंत कळलं नाही की आपली गैरहजेरी मल्लेश्वरममध्ये एका दारात रांगोळीने काढली जाते.

अशा सुखात बरीच वर्षं गेली, आणि मग साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात कारखान्यात कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी थंडगार खोली बांधली. चपला बाहेर काढून आत जायचं, हे भावोजींना फार पटलं. पण ऐन मे महिन्यात स्वेटर आणि कानटोपी घालून ऑफिसला निघालेले भावोजी पाहून गल्लीतल्या लोकांना त्यांच्या तब्येतीची काळजी वाटू लागली. खरी काळजीची गोष्ट वेगळीच होती. जुनं मशीन दसऱ्याआधी कंपनीला परत जायचं होतं, आणि नव्या मशीनला फळी-वायरी काही कळत नव्हत्या. त्याची भाषाच दुसरी. त्या भाषेत सगळी कामं नव्याने लिहायला वर्ष-दीड वर्ष सहज लागलं असतं. तोवर कारखान्याचे पगार कसे व्हायचे, हा प्रश्न. आणि वायरीच उरल्या नाहीत तर भावोजींना गोदामात बसवतील, ही घरातली कुजबुज. भावोजी जेवताना बोलेनासे झाले. अक्काने मुद्दाम सारात मीठ जास्त घातलं तरी वायरीचं नाव त्यांच्या तोंडून निघेना. तेव्हा तीही घाबरली.

नव्या खोलीचे अधिकारी परदेशात शिकून आलेले, म्हैसूरकडचे तरुण गृहस्थ होते. त्यांनी एक तोड काढली. नव्या मशीनला जुन्या मशीनचं सोंग घ्यायला शिकवायचं. असा एकच प्रोग्रॅम लिहायचा, की जुन्या पत्त्या दिल्या तर नवं मशीन जुन्यासारखंच वागेल. मग सगळी कामं लगेच नव्याने लिहायला नकोत. त्यासाठी जुनं मशीन प्रत्येक फळीवर काय काय करतं हे त्यांना बारकाईने हवं होतं. ते भावोजींना विचारू लागले, आणि तिथे घोडं अडलं. भावोजींना सगळं येत होतं, पण सांगता येत नव्हतं. बोटांना माहीत असलेली गोष्ट तोंडावाटे येईना. शेवटी एका रविवारी अधिकारी घरी आले. कॉफी झाली. भावोजी बराच वेळ पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिले आणि मग एकदम उठून म्हणाले, "सर, मी सांगत नाही. मी होतो."

आणि ते मशीन झाले. पुढच्या खोलीतलं टेबल त्यांनी भिंतीला सरकवलं, दर रविवारी जेवायला येणाऱ्या मला समोर पत्त्यांची चवड घेऊन बसवलं आणि एकेक पत्ती द्यायला सांगितलं. पत्ती घ्यायची, डोळे मिटून तिच्या भोकांवरून बोटं फिरवायची, बेरीज असेल तर उजवा खांदा उडवायचा, वजाबाकीला डावा, हातचा आला की मान झटकायची, आणि एकूण रक्कम आली की गर्रकन फिरून पाय आपटायचा. सोबत तोंडाने खटखट, खुर्रर्र आणि मध्येच एक लांब सुस्कारा. अधिकारी जमिनीवर मांडी घालून लिहून घेत होते. मधूनच भावोजी भिंतीला एक हलकी लाथ मारत. हीसुद्धा प्रोग्रॅममध्ये घ्यायची का, असं अधिकाऱ्यांनी विचारल्यावर भावोजी लाजले. म्हणाले, "नको. ती लाथ माझी आहे, मशीनची नाही."

थोड्या वेळाने ते एक हात वर करून जे थिजले ते हलेचनात. अधिकारी घाबरून उभे राहिले. अक्का स्वयंपाकघरातून म्हणाली, "पत्त्या संपल्यात. भरल्याशिवाय ते हलायचे नाहीत." मी नवी चवड उचलताच खुर्रर्र पुन्हा सुरू झालं. एवढ्यात विरजण मागायला आलेल्या शेजारच्या आजी खिडकीशी थबकल्या आणि यांच्या अंगात कुठली देवी येते, असं त्यांनी हात जोडून विचारलं. अक्का म्हणाली, ऑफिसचं काम आहे. आजींनी तरीही नमस्कार केला. पुढचे कित्येक रविवार हे चाललं. अधिकारी आता त्यांना 'अण्णा' म्हणू लागले होते, आणि एखादी पायरी नीट उमगली की स्वतःही उठून खांदा उडवून पाहत. दोन मशीनं समोरासमोर खटखटताना पाहून अक्का पदर तोंडात धरून आत पळायची.

प्रोग्रॅम तयार झाला आणि पहिल्याच दिवशी फसला. नव्या मशीनच्या पोटात एक मुकादम होता. म्हणजे कोणतं काम कधी घ्यायचं आणि कोणतं काढून टाकायचं हे ठरवणारा वेगळाच प्रोग्रॅम. भावोजींचं सोंग जुन्या रीतीप्रमाणे पगाराची फळी संपल्यावर थांबायचं, 'फळी बदला' असं छापायचं आणि वाट पाहायचं. काम नसताना बसून राहिलेला मुकादमाला खपत नसे. तो सोंगाला हाकलून द्यायचा. ती थांबण्याची जागाच काढून टाकू, असं अधिकारी म्हणाले. भावोजी तयार होईनात. तिथे थांबून बेरीज ताडून पाहिल्याशिवाय त्यांनी आजवर एकाही माणसाचा पगार पुढे जाऊ दिला नव्हता. दोघं डोकं धरून बसले. मग भावोजी म्हणाले, "वाट पाहताना त्याला शून्यात शून्य मिळवायला लावा. काम करतोय असं दिसलं की पुरे. आमच्या हापिसात वरपर्यंत हेच चालतं."

अधिकारी हसून हसून कानटोपीत शिरले, आणि तसंच केलं. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात नवं मशीन जुन्याचं सोंग घेऊन बसलं, शून्यात शून्य मिळवत थांबलं, भावोजींनी बेरीज ताडून 'सरी', म्हणजे ठीक, म्हटल्यावर पुढे निघालं, आणि साऱ्या कारखान्याच्या पगाराच्या चिठ्ठ्या छापून मोकळं झालं. लांब नावंसुद्धा जुन्या मशीनच्या खोडीप्रमाणे शेपटाकडून तुटलेली. एका वेंकटरमणय्यांनी, नव्या मशीनमध्ये तरी आपण पूर्ण येऊ अशी आशा होती, असं बोलून दाखवलं. भावोजी त्यांना म्हणाले, सोंग घ्यायचं तर पुरतं घ्यायला पाहिजे. आयुधपूजेला त्यांनी थंड खोलीच्या दाराबाहेर कोहळा फोडला आणि घरी येऊन तीन वेळा सार मागून घेतलं.

सोंग कायमचं नसतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. पुढच्या काळात अधिकाऱ्यांच्या शेजारी बसून ते नवी भाषा शिकले आणि एकेक जुनं काम स्वतःच नव्याने लिहीत गेले. त्यांच्याइतकी ती कामं दुसऱ्या कुणाला ठाऊक होती? एकेक काम नव्या भाषेत गेलं की सोंगाचं एकेक अंग निकामी व्हायचं. शेवटचं काम उतरलं त्या दिवशी, सोंग आता काढून टाका, असं भावोजींनीच सांगितलं. अधिकारी म्हणाले, राहू दे अण्णा, जागा फारशी लागत नाही. भावोजी नको म्हणाले.

त्या दिवशी ते भर दुपारी घरी आले आणि अक्काला म्हणाले, लालबागेत येतेस का? ती गडबडली, आठवड्याच्या मधल्या वारी असं कधी झालं नव्हतं. दोघं त्या बागेतल्या मोठ्या खडकावर जाऊन बसले. भावोजी नुसती हाताची बोटं एकमेकांत गुंतवत आणि सोडवत राहिले. मग त्यांनी विचारलं, "मी ऑफिसात असतो तेव्हा दिवसभर तू काय करतेस गं?"

अक्का सांगते, मी पहाटेपासून सुरुवात केली. मी दुपारच्या चहापर्यंत आले तोवर अंधार पडला होता, आणि माळी फाटक लावायचं म्हणून शिट्टी फुंकत होता.