दाखल्यावरचा अंगठा

सरांनी माझा अंगठा धरला. न विचारता. शाईच्या पॅडवर दाबला. गार, ओलं लागलं. दुसऱ्या हातानं मनगट आवळलेलं.

"इथं. थोडं खाली. हं, दाबा."

आबिड्सजवळच्या एका शाळेचं ऑफिस. समोर प्रिन्सिपॉल मॅडम. सर म्हणजे आमच्या कंपनीचे मॅनेजर, पुण्याचे. मी अंबरपेठची. पप्पा नांदेडकडून इथं तेलुगू मुलखात आले, बँकेत शिपाई लागले. मी जन्मापासून आंधळी. शिकले, बीएस्सी झाले. कंपनीत माझं काम एकच : वेबसाइट आमच्यासारख्यांना वापरता येते का, ते तपासायचं. कॉम्प्युटर पडदा वाचून दाखवतो. मी ऐकते, चुका लिहिते.

या शाळेची साइट मी आठवडाभर ऐकली. "चित्र. चित्र. बटण. बटण." कसलं चित्र, कशाचं बटण, पत्ता नाही. प्रवेशाचा फॉर्म रडतखडत भरत आणला, की शेवटी हुकूम : चित्रातली अक्षरं ओळखून लिहा. कशानं ओळखू? फॉर्म तिथंच मरायचा.

तपासणीसाठी मी एका आंधळ्या बापाला बोलावलं होतं. अफझलगंजला अत्तराच्या दुकानात कामाला. त्याला पोरीला याच शाळेत घालायचं होतं. तीनदा फॉर्म भरला त्यानं. तिसऱ्यांदा कीबोर्डवरून हात काढले.

"अम्मा, ये तो हमना अंदरिच नै आने देरा."

मी अहवालात लिहिलं : नापास.

म्हणून मला वाटलं, चुका विचारायला बोलावलंय. तर सरांनी समोर कागद सरकवला.

"वाचून दाखवा," मी म्हणाले.

"फॉर्मॅलिटी आहे. साइट सगळ्यांना वापरता येते, एवढंच. खाली तुमचं नाव. दृष्टिहीन तपासनीस."

"पण मी नापास केलीय."

मॅडम च्च करून म्हणाल्या, "पापम." तेलुगूत म्हणजे बिचारी.

"मी सही करणार नाही," मी म्हणाले.

सर माझ्या कानाजवळ आले. मॅडमना कळू नये म्हणून मराठीत, हळू. "सही कशाला? अंगठा चालतो. तुमच्यात सवय असेलच."

आणि अंगठा धरला.

तुमच्यात. म्हणजे आंधळ्यांत? नाही. जातीत. सूर मला कळला. सूर ऐकूनच मी जगते. कागद काय म्हणतो ते न सांगता आमच्या किती पिढ्यांचे अंगठे असेच ओढले असतील.

मी वाकले आणि त्याच्या मनगटाला चावले. दात रुतेपर्यंत.

तो किंचाळला. पॅड पडलं. खुर्ची पडली. त्यानं माझे केस धरले आणि डोकं लोखंडी कपाटावर आपटलं. कानात घण्ण झालं. तोंडात रक्त. माझं की त्याचं, माहीत नाही.

"जनावर आहेस का गं?" तुम्हीचं तू झालं.

मी टेबल चाचपलं. कागद सापडला. फाडला. पुन्हा फाडला.

"वॉचमन को बुलाओ!" मॅडम ओरडत होत्या.

"नापास!" मीही ओरडले. "नापास लिहिलंय मी!"

वॉचमननं दंडाला धरून फाटकाबाहेर काढलं.

घरी पप्पांनी जखमेवर हळद दाबली. म्हणाले, "पोरी, चावायचं नव्हतं."

"मग काय करायचं होतं?"

ते हळद दाबत राहिले.

कंपनीनं मला काढलं. कारण लिहिलं, हिंसक वर्तन. त्यानं धरलं ती फॉर्मॅलिटी. मी चावले ती हिंसा. साइट तशीच चालू आहे. खाली नवं वाक्य आलंय, सर्वांसाठी सुलभ. कुणाच्या नावावर, ठाऊक नाही.

मी दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार केली. सगळी स्वतः टाइप केली. चावले तेही लिहिलं. लपवायचं काही नाही.

मग मॅनेजरचा फोन आला. आवाज मऊ. "माफी लिहून द्या, तक्रार मागे घ्या. परत कामावर घेऊ."

"नाही," मी म्हणाले. फोन ठेवला.

आता रोज सकाळी बसते आणि या शहरातल्या एकेका शाळेची साइट उघडते. जिथं आमच्यासाठी दार बंद, तिथली तक्रार. कामावरून काढून त्यांनी माझा दिवस मोकळा केला. तो अख्खा दिवस मी त्यांच्या अंगावर सोडणार आहे.