कोपऱ्यातला पांढरा ठिपका

ऐका, आधी क्यामेऱ्याचं सांगते. सेकंडहँड, पण झूम असला भारी की पलीकडच्या डोंगरावरचं माकड काय खातंय ते दिसतं! तो आल्यापास्नं मला दुसरा धंदाच न्हाई. सावलीत चित्रात दाणे येतायत का, आभाळाजवळच्या फांद्यांना जांभळी कड लागते का, असले दोष बघत बसायचं. आज्जाला दाखवलं, "बघ, सगळे दाणे दाणे दिसतायत."

"दाणे हायत म्हंजे चांगलंच की गं! नुसती फोलपटं असती तर रडायचं."

उन्हाळ्यात सुप्याच्या धरणाचं पाणी उतरलं. आमचं जुनं घर त्या धरणाच्या पाण्याखाली गेलंय. आज्जानं त्याबद्दल कधी तोंड उघडलं न्हवतं, बाबांजवळसुद्धा न्हाई. त्या दिवशी काठावर आपणहून म्हणाला, "लाव तुझं यंत्र."

ट्रायपॉड लावला. आज्जा बोलायला लागला. उंबरा कुठं, गोठा कुठं, त्याच्या आईला कुठं जाळलं. बोट सारखं पाण्याकडं. आणि मी? मी स्क्रीनच्या डाव्या कोपऱ्यातला पांढरा ठिपका बघत होते. बारीक, पण हलेना. काच पुसली तरी जाईना. आतच डाग पडलाय, संपलं! असलं खराब लोकांना कसं दाखवू?

"आज्जा, थांब थांब! ठिपका येतोय."

कार्ड भरत आलं होतं, म्हणून आज्जाचं घेतलं होतं तेवढं पुसून टाकलं. हो, मीच पुसलं. क्यामेरा दुसरीकडं वळवला, ठिपका गेला. मी खूश. "हां, आता परत सांग, पयल्यापास्नं."

आज्जा माझ्याकडं बघतच राहिला. "नाटक हाय व्हय, वन्समोअर म्हटलं की परत करायला?" चप्पल घातली आणि निघाला.

घरी येऊन क्यामेऱ्याच्या काचेला झाकण लावून रेकॉर्ड केलं. डाग असता तर त्यातबी दिसला असता. सगळं काळंभोर. ठिपका न्हाईच!

आज्जाला विचारलं, "तितं पाण्यात पांढरं काय व्हतं?"

"परड्यातला आंबा. झाड वाळून पांढरं पडलंय. मग मी बोट कशाकडं दाखवत व्हतो?"

आता पाणी परत चढलंय, आंबा बुडाला. माझ्याकडं नुसत्या पाण्याचा व्हिडिओ हाय. दाणे न्हाईत, जांभळी कड न्हाई. बघणारा प्रत्येक जण म्हणतो, क्वालिटी भारी हाय. मी क्यामेरा बाहेर काढला की आज्जा उठून गोठ्यात जातो.