मधली ओळ

हिच्या दुखण्याने पुन्हा डोकं वर काढलं आणि माझी प्रार्थना बंद पडली. ओठ हलायचे, आत काही हलत नव्हतं. पोलादपूरच्या वर डोंगरातल्या एका वाडीवर मी शाळामास्तर. वाडीत ख्रिस्ती घर आमचं एकच. रविवारी एसटीने महाडला जाऊन उपासनेला बसायचं. हिचं दुखणं मागे एकदा बरं झालं होतं. सगळ्या मंडळीसमोर आम्ही देवाचे उपकार मानले होते. वर्ष सरायच्या आत ते परत आलं. देवाचा मला राग आला होता, हे सरळच सांगतो.

संध्याकाळी मी तिला शास्त्र वाचून दाखवायचो. तेव्हा एका हिब्रू संदेष्ट्याचा विलाप चालू होता, फार अवघड काव्य. नगर पडलेलं, वेशी जळालेल्या, बायका रडताहेत. मला हिब्रू येत नाही, पण एवढं ठाऊक होतं की ते कवी यमक जुळवत नाहीत, अर्थ जुळवतात. एक ओळ जे सांगते तेच शेजारची ओळ निराळ्या शब्दांत परत सांगते. मी पेन्सिलीने अशा जोड्या लावत बसायचो. "संदेष्ट्याचे पेपर तपासताय का?" असं म्हणून ही मला चिडवायची. त्या विलापात मधेच दयेच्या चार ओळी येतात आणि पुढे पुन्हा अंधार. एके दिवशी तिने विचारलं, "दयेपर्यंत पोचला होता ना तो? मग परत अंधारात का जातो?" ती संदेष्ट्याबद्दल विचारत नव्हती, हे मला कळलं. मी पुस्तक मिटलं आणि चहा टाकायला उठलो.

श्रावणात दरड कोसळून वाडीचा रस्ता बंद झाला आणि त्याच दुपारी हिला धाप लागली. निरोप धाडायच्या आत वाडीतले चौघे डोली घेऊन दारात हजर. डोली म्हणजे एक लांब बांबू आणि त्याला झोळीसारखी बांधलेली जाड चादर; दोघे पुढे, दोघे मागे. न राहवून मी बांबूखाली खांदा घातला, तर त्यांच्यातल्या थोरल्याने मला धरून बाजूला केलं. "मास्तर, तुम्ही नको. धन्यानं बाईला खांदा द्यायची येळ ठरलेली हाय. ती आज नाय." मी छत्री धरून बाजूने चालू लागलो.

धुकं इतकं की मागच्यांना डोलीपलीकडची वाट दिसत नव्हती. म्हणून पुढचा सांगायचा, "निसरडं हाय," आणि मागचा तेच परत म्हणायचा, म्हणजे त्याने ऐकलं हे पुढच्याला कळे. अर्ध्या वाटेवर मागच्या एकाचा पाय मुरगळला आणि तो खालीच बसला. डोली टेकवून आम्ही एकमेकांची तोंडं बघत राहिलो. तेवढ्यात खालून एक माणूस चढून आला. खांद्याला बॅग, पायात मुंबईचे बूट, आमच्यातल्या कुणाच्याच ओळखीचा नाही. काही न विचारता त्याने बॅग झुडपात ठेवली आणि बांबू उचलला. पुढून हाक आली, तसं त्याचं उत्तर बरोबर गेलं. तो कोण, कुठून आला, यावर मला वाद घालायचा नाही.

पुढची हाक आणि मागचं उत्तर, आणि दोन्हींच्या मधोमध ती. चालता चालता मला तो विलाप आठवला. मी फक्त शेजारच्या ओळी जुळवल्या होत्या. आता दोन्ही टोकांकडून जुळवू लागलो. पहिल्या कडव्यात जळलेल्या वेशी, शेवटच्यातही वेशीच. दुसऱ्यात बायकांचं रडणं, शेवटून दुसऱ्यातही तेच. असं आत आत येत मधे उरल्या त्या दयेच्या ओळी. संदेष्टा मागे फिरलाच नव्हता. त्याचा उतार अजून बाकी होता आणि दया मधे घेऊन तो उतरत होता. मी वाकून हे तिला सांगितलं. डोळे मिटूनच ती म्हणाली, "म्हणजे मागच्यांनाही चालावंच लागतं."

पोलादपूरला तिला गाडीत ठेवून मी त्या माणसाला शोधलं, तर तो बॅगेसाठी परत वर निघून गेला होता.

भात कापणीला आलं तेव्हा महाडच्या दवाखान्यात ती वारली. मी मागितलं ते मिळालं नाही. दुःख आहे तिथेच आहे, रात्री घर खायला उठतं. पण तिच्या प्रश्नाचं उत्तर तिच्या कानावर घालता आलं, यासाठी मी रोज देवाचे उपकार मानतो. किती उतार उरलाय, हे आता मी त्याला विचारत नाही.

दफनाला वाडी खाली आली होती. थोरल्याने मला पेटीच्या पुढच्या बाजूला उभं केलं. "आता द्या, मास्तर." दफनभूमीची वाट रात्रीच्या पावसाने भिजली होती. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "चिखल आहे."

मागून कुणीतरी तेच परत म्हणालं, "चिखल हाय."

कोण ते मी वळून पाहिलं नाही. चालत राहिलो.