अक्काच्या नोंदींसाठी दुसरा अल्गोरिदम

माझी थोरली बहीण वडवणीजवळच्या एका गावात आशा कार्यकर्ती आहे. माझा जुना लॅपटॉप मी तिला दिला होता. गावातल्या बायांच्या दुखण्याखुपण्याच्या नोंदी ती त्यात ठेवणार, म्हणून मी फाइलींचं एन्क्रिप्शन चालू करून दिलं. पासवर्डाशिवाय कुणाला एक अक्षर वाचता येऊ नये.

दिवाळीला गेलो, तर लॅपटॉपवर कपड्यांच्या घड्या रचलेल्या. अक्का पुन्हा वहीत लिहीत होती आणि वही जवारीच्या कोठीत लपवत होती.

"कावून गं अक्का?"

"तुझं मशीन लई वेळ लावतंय. फाइल उघडंस्तवर बाई उठून जाती. एकदा उठली की परत सांगाय येत न्हाई."

मला वाईट वाटलं. त्या लॅपटॉपवरची ऑपरेटिंग सिस्टिम जगभरातले हौशी लोक मिळून लिहितात, पुण्यातली नोकरी सांभाळून मीही त्यात होतो. फाइली कुलूपबंद करायला तिच्यात एकच अल्गोरिदम, म्हणजे एकच गणिती रीत होती. नव्या प्रोसेसरमध्ये त्याची सोय आधीच असते. जुन्याची मात्र दमछाक होते. जुन्या यंत्रावर हलका चालणारा, तितकाच भक्कम दुसरा अल्गोरिदम होता. तो निवडायची सोय मी जोडायला घेतली.

पहिल्यांदा तपासणाऱ्यांनी काम परत पाठवलं. पर्याय बदलला की आधीच्या फाइली उघडत नव्हत्या. मग कोणती फाइल कोणत्या अल्गोरिदमनं बंद केली, याची खूण प्रत्येक फाइलीसोबत ठेवली. ते मान्य व्हायला उन्हाळा उजाडला.

नवी आवृत्ती घेऊन मी अक्काकडे गेलो. लॅपटॉपवर ती चढवताना मी जुन्या फाइली पुन्हा पुन्हा मोजत होतो.

"जुनं समदं गेलं तरी घाबरू नको," ती म्हणाली. "मला तोंडपाठ हाय."

काही गेलं नाही. जुनी फाइल पहिल्यासारखीच उघडली, नवी तर लगेच. अक्कानं माझ्या पाठीवर हात ठेवला.

तेवढ्यात दारात एक तरुण बाई आली. डोळे रडून लाल झालेले. अक्कानं लॅपटॉप माझ्या मांडीवरून उचलला.

"तू जरा बाहेर बस."

मी कडुलिंबाखाली जाऊन बसलो. आतून दबकं बोलणं येत होतं, मधेच अक्का एका बोटानं टाइप करत होती. बऱ्याच वेळानं ती बाई गेली आणि अक्कानं चहाला हाक मारली. आत गेलो तेव्हा लॅपटॉप मिटून बाजूला ठेवलेला होता.